समुद्र कुठला, हे विचारलंत म्हणून

"हा समुद्र कुठला?"

माझ्या कापडांसमोर उभं राहून लोक हे विचारतात आणि उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न टाकतात, "प्रेरणा समुद्राकडूनच मिळते ना?" त्या शेवटच्या 'ना'मध्ये उत्तर आधीच घालून ठेवलेलं असतं, मी फक्त मान हलवायची. बरीच वर्षं हलवली. माणूस कौतुकानं विचारतोय, त्याला कशाला नाराज करा, असा सोयीचा विचार. हल्ली मात्र हे ऐकलं की कपाळावर आठी पडते, आणि ती लपवण्यात जेवढी शक्ती जाते तेवढ्यात एखादी गुंतलेली लड सोडवून होईल. तेव्हा एकदाच नीट सांगते.

समुद्र कुठलाच नाही. ज्या निळ्याबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारता, तो मी कुठल्याही पाण्यावर पाहिलेला नाही.

लगेच असा अर्थ काढू नका की मी समुद्र बघत नाही. बघते, भरपूर बघते. पण तुम्हाला वाटतो त्याच्या उलट क्रमानं. तुमच्या डोक्यात मी किनाऱ्यावर बसते, रंग डोळ्यांत साठवते आणि येऊन विणते. खरं तर आधी मागावर काहीतरी अडतं आणि ते अडलेलं घेऊन मी पाण्याकडे जाते. धूपछांव विणायला शिकले तेव्हाचंच घ्या. ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे, बाणा म्हणजे आडवे दुसऱ्या, दोन्ही रेशमी, वीण साधी. एका बाजूनं बघितलं तर ताण्याचा रंग वर येतो, दुसऱ्या बाजूनं बाण्याचा. रंग दोनच, पण बघणारा हलला की कापड बदलतं. हे हाताला कळल्यावर मी समुद्रावर गेले, आणि पायाशी दिसणारं पाणी व क्षितिजाजवळ दिसणारं पाणी यांतला फरक पाण्याचा कमी आणि माझ्या नजरेच्या कोनाचा जास्त आहे हे पहिल्यांदा लक्षात आलं. सरळ खाली बघितलं तर पृष्ठभागावरून जेमतेम २ टक्के उजेड परत फिरतो, बाकीचा आत शिरतो. तिथं दिसतं ते पाणी. नजर जसजशी आडवी होत जाते तसतसं पाण्याच्या जागी आकाशच दिसायला लागतं. हे आधीही माझ्यासमोर होतंच. तसं कापड विणेपर्यंत दिसलं नव्हतं.

समुद्राच्या निळ्याबद्दल बोलताना सी. व्ही. रामन यांचं नाव निघतंच. १९२१ साली युरोपच्या जहाजप्रवासात भूमध्य समुद्राचा निळा त्यांनी बघितला, आणि हा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब आहे, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांचं म्हणणं त्यांना पटेना. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. त्यातून ठरावीक कोनात बघितलं की पाण्यावरची चकाकी जवळजवळ पुसली जाते. आकाश असं पुसून टाकल्यावरही निळा राहिला, उलट आणखी गडद झाला. पुढचं विज्ञान तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. मला त्यातली चकाकी काढून बघण्याची ती एक कृती जवळची वाटते. रेशमाची लड खिडकीशी धरायची, तिची झळाळी मरेल असा कोन सापडेपर्यंत फिरवायची आणि मग रंग ठरवायचा, हे आमचं रोजचं काम. याला प्रेरणा म्हणायचं असेल तर म्हणा. मी तपासणी म्हणते.

आणि नीळ? रंगाच्या पिपाशी उभं असताना समुद्र आठवायला सवडच नसते. नीळ पाण्यात विरघळत नाही. विरघळवायची तर तिचं क्षपण करावं लागतं, म्हणजे प्राणवायू लागण्याच्या उलटी रासायनिक क्रिया, आणि तसं केलं की तिचा निळेपणाच जातो. पिपातला द्राव पिवळट-हिरवा असतो. सूत बाहेर काढलं की हवेतला प्राणवायू लागतो, ते आधी हिरवं आणि मग निळं होतं. गडद हवं असेल तर पुन्हा बुडवा, पुन्हा हवा द्या. त्या वेळी डोक्यात पिपाचा वास, क्षार, ऊब आणि वर आलेला फेस एवढंच. त्यात ओलं सूत खोटं बोलतं. तंतूंमधल्या हवेची जागा पाण्यानं घेतली की उजेड वरच्यावर विखुरत नाही, खोल जातो, म्हणून ओला रंग वाळल्यापेक्षा गडद दिसतो. पिपातून निघालेली लड बघून "अगदी समुद्र!" म्हणणाऱ्यांनी ती दुसऱ्या दिवशी दोरीवर बघायला यावं. (खुद्द समुद्रातून माणसानं काढलेला सगळ्यात महागडा रंग निळा नव्हता, म्युरेक्स गोगलगायींचा जांभळा होता. १९०९ साली फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानं १२,००० गोगलगायींतून तो मिळवला, भरला १.४ ग्रॅम. आणि निघाली काय, तर ब्रोमिनचे दोन अणू धरून बसलेली नीळच!)

मग तो निळा आला कुठून? हे सांगायचं मी टाळत आले, कारण ही गोष्ट माझ्या एकटीची नाही.

मला विणायला ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही बाई म्हणायचो. बाईंचा हात फार चांगला होता, पण त्यांचा दरारा होता तो डोळ्यामुळे. दोन लडी एकाच पिपातून निघाल्यात की वेगवेगळ्या, हे त्या लांबून सांगायच्या. मी स्वतंत्रपणे विणलेलं पहिलं मोठं कापड त्यांना दाखवलं. पाण्याचा रंग मोजायला फोरेल आणि उले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस २१ रंगांची मापपट्टी केली होती, नितळ निळ्यापासून तपकिरीपर्यंत. त्यातल्या सहा ते नऊ या हिरवट-निळ्या टप्प्यावर मी ते बेतलं होतं. मध्ये फिका जांभळा, थोडा करडा. मला ते आवडलं होतं, हे इथे मुद्दाम नोंदवते.

बाई म्हणाल्या, "यात पाणी कुठंय? मला राख दिसतेय."

मी बाणा उसवला, सूत पुन्हा पिपात घातलं. दाखवलं. "अजून एक बुडी दे." दिली. जांभळा काढायला सांगितला, मातकट दिसतो म्हणून. काढला. मग त्यांनी शेजारच्या रंगाकडे बघायला लावलं. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगविभागाचा प्रमुख होता, तेव्हा काळ्या रंगाच्या तक्रारी येत. त्यानं शोधून काढलं की रंग ठीक आहे, शेजारचा निळा काळ्याला मारतोय. बाई हे नेहमी सांगायच्या. म्हणून आम्ही निळ्याला उठाव यावा यासाठी त्याच्या विरुद्धचा नारिंगी धागा आणला, अगदी बारीक, एका कडेनं. तुम्ही ज्याला मावळतीची रेघ म्हणता ना, ती ही. मावळतीशी तिचा काही संबंध नाही. बाईंना निळा दिसेना म्हणून ती घातलीय.

त्या पद्धतीनं मी वर्षानुवर्षं विणलं. दर कापडात अजून एक बुडी. लोकांना तो निळा भावला, माझं नाव त्या निळ्याशी जोडलं गेलं.

मोतीबिंदू हळूहळू पिकतो. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, मग तपकिरी, आणि त्यात आधी अडतात ते जांभळा आणि निळा. मेंदू दररोज थोडं थोडं जुळवून घेत असतो, त्यामुळे ज्याचा डोळा त्यालाच पत्ता नसतो. बाईंना सुईत दोरा जाईना तेव्हा तपासणी झाली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्या मधल्या दिवसांत त्या माझ्याकडे आल्या. कापड नुकतंच मागावरून उतरवून भिंतीवर लावलं होतं. त्या समोर उभ्या राहिल्या. उजवा डोळा तळहातानं झाकला. मग डावा. पुन्हा उजवा. नव्या डोळ्याची सवय करून घेतायत असं वाटून मी आपली बडबडत होते, काठ ओढला गेलाय, फणी बदलायला हवी वगैरे. त्या तशाच एकेक डोळा झाकत राहिल्या. मग म्हणाल्या,

"अगं, हे तर ओरडतंय."

"तुम्हीच म्हणालात ना बाई, अजून एक बुडी दे."

"म्हणाले. या डोळ्यानं म्हणाले." आणि ऑपरेशन न झालेल्या डोळ्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, "ते पहिलं कुठंय? राखेचं?"

"ते उसवलं, बाई. त्याचंच सूत आहे यात, खालच्या पट्ट्यात."

त्या वाकल्या, खालचा पट्टा बोटांत धरला, चोळून बघितला. चढवलेली नीळ थोडीफार उतरवता येते, पण तिच्याआधीचा रंग जसाच्या तसा हाती लागत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. वाकलेल्या असतानाच त्यांनी विचारलं, "तुला हे असंच दिसत होतं? पहिल्यापासून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, "तुम्ही बाई होतात."

त्या चहाला थांबल्या नाहीत. दुसऱ्या डोळ्याचंही झालं. त्यानंतर माझ्या कामावर त्या पुष्कळ बोलल्या, विणीवर, काठावर, ताण्याच्या ओढीवर. रंगावर एक शब्द नाही. मी विचारलं की म्हणायच्या, "ते तू बघ." हे वाक्य कानांवर पडावं म्हणून शिष्य वर्षं घालवतात म्हणे. मला ते शिक्षा म्हणून मिळालं. कुणाला, हे अजून ठरलेलं नाही; बहुधा दोघींना.

ही गोष्ट ज्या थोड्यांना सांगितली ते म्हणतात, तू वेळेवर सांगायला हवं होतंस. काय सांगणार होते? मला वाटत होतं माझा डोळा कच्चा आहे. शिकणाऱ्यानं शिकवणाऱ्याच्या डोळ्यावर शंका घ्यायची तर शिकायचं कशाच्या आधारानं? आणि काही जण लगेच फ्रेंच चित्रकार मोनेचं नाव काढतात. क्लोद मोनेच्या मोतीबिंदूचं १९२३ साली ऑपरेशन झालं, त्याच्या रंगांत आधी आणि नंतर काय बदललं यावर कितीतरी लिहिलं गेलंय. बरोबर आहे. पण मोनेचा डोळा आणि मोनेचा हात एकाच माणसाचे होते. इथे डोळा बाईंचा, हात माझा, आणि खाली सही माझी.

आता त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही मलाच ऐकवता. एका प्रदर्शनात माझ्या नावाखाली छापलं होतं, 'समुद्राच्या रंगांनी मला विणायला शिकवलं.' हो, ते मीच लिहून दिलंय. कुणी भाग पाडलं नव्हतं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई, पीप, उसवलेलं कापड, यांतलं काहीच का नाही लिहिलंस? ती म्हणेल, चार ओळींत कुणी मोतीबिंदू लिहितं का? ते जाऊ दे. पण तिच्याकडे याहून खोचक प्रश्न आहे. ती विचारते, बाईंना तो निळा हवा तरी का होता? भिंगातून निळा येणं बंद झालं, तरी त्या प्रत्येक कापडासमोर 'पाणी कुठंय' असं म्हणतच होत्या. म्हणजे तरुणपणी कधीतरी पाहिलेला एक समुद्र त्यांच्या आत शाबूत होता आणि माझं कापड त्या त्याच्याशी ताडून बघत होत्या. मग शेवटी समुद्रच ना?

यावर मी म्हणते की नवा डोळा मिळाल्यावर त्यांनीच तो निळा नाकारला. ती म्हणते, नाकारला तो तुझ्या कापडातला, त्यांच्या आठवणीतला नव्हे. इथे माझं तोंड बंद होतं. मग मी विषय बदलून मागाला तेल घालायला घेते.

तो ओरडणारा निळा मी सोडलाय का, असंही विचारतात. नाही सोडला. लडी दोन खोक्यांत आहेत, एका खोक्यात बाईंसाठी चढवलेल्या, दुसऱ्यात मला दिसतो त्या रंगाच्या. दोन्ही वापरते. कुठल्या कापडात कुठल्या, हे सांगणार नाही. ओळखता येत असेल तर ओळखा, आजवर कुणी ओळखलेलं नाही, आणि याचा मला आनंद होतो की वाईट वाटतं हे त्या त्या दिवसावर अवलंबून आहे.

सध्या मागावर आहे ते फोरेल-उलेच्या पट्टीवर अठराच्या पुढचं. हिरवट तपकिरीपासून थेट काळपट तपकिरीपर्यंत. निळीचा धागा एकही नाही, नारिंगी रेघही नाही. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे गाळ आणि कुजलेल्या पानांचा अर्क उतरलेल्या पाण्याच्या कडेला बसून, लड शेजारी धरून, वाळलेली आणि ओली दोन्ही ताडून, मी त्याचे रंग घेतलेत. माझं हे पहिलंच कापड आहे जे खरोखर एका ठिकाणच्या पाण्यावरून आलंय, आणि ते बघून समुद्र कुठला हे कुणी विचारणार नाही.