ठिपका गेला, फराटा आला

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची (लेन्समागे फोटो टिपणाऱ्या चिपवरची) धूळ काढायला मला जेमतेम अर्धा तास लागला. धूळ काढताना मी स्वतःच्या हाताने त्यावर जो फराटा उठवला, तो काढायला तीन संध्याकाळी गेल्या. स्वॅबच्या (सेन्सर पुसायच्या कापडी पट्टीच्या) पाकिटावर चार चित्रं असतात आणि चारही चित्रांत काच लख्ख झालेली दाखवतात. फराट्याचं चित्र कुठेच नसतं. चिडचीड अजून गेलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

धूळ बहुधा ताडोबातली. मे महिन्यात उघड्या जिप्सीत लेन्स बदलली की ती आत शिरणारच. पण तिथे कळत नाही, कारण सगळे फोटो एफ/५.६ च्या आसपासचे, म्हणजे मोठ्या ॲपर्चरचे (ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते लहान). जुलैत घाटमाथ्यावर ढगांचे फोटो एफ/१६ ला काढले आणि आकाशभर राखाडी ठिपके दिसले. धूळ खुद्द सेन्सरवर नसते, त्याच्या पुढे बसवलेल्या फिल्टरच्या काचेवर असते. ॲपर्चर मोठं असताना प्रकाश रुंद शंकूतून येतो, त्यामुळे कणाची सावली विरघळून जाते. ॲपर्चर लहान केलं की सावली घट्ट होते. म्हणजे आपण पुसतो तो सेन्सर नव्हे, त्याच्या पुढची काच. हा दिलासा खरा, पण त्या काचेवर कोटिंग असतं आणि ओरखडा उठला तर काम थेट दुरुस्तीवर जातं.

ठिपके मोजायचे तर पांढरी भिंत पुरते. एफ/२२, आयएसओ १००, फोकस हाताने अनंतावर, कॅमेरा भिंतीपासून हातभर अंतरावर, एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त. शटर सेकंदभर उघडं राहिलं तर उत्तमच, त्या वेळात कॅमेरा मुद्दाम हलवायचा. भिंतीचा खडबडीतपणा पुसला जातो. धूळ सेन्सरबरोबरच हलते म्हणून ती फोटोत जागच्या जागी ठसठशीत उमटते. कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट वाढवून शंभर टक्के आकारात बघा. मला चौदा ठिपके दिसले.

ब्लोअरने (हाताने दाबायच्या हवेच्या रबरी फुग्याने) त्यातले अकरा गेले. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, आणि शटर उघडं ठेवायला मेनूतला सेन्सर साफ करण्याचा पर्यायच वापरायचा. बल्ब मोडवर (बटण दाबलेलं असेतोवरच शटर उघडं राहतं) बटण दाबून धरणं हा जुगार आहे. मिररलेसमध्येही (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) हा मेनू बघाच, कारण काही बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बंद केल्या की शटर सेन्सरपुढे येऊन बसतं आणि त्याची पाती बोट लागलं तरी वाकतील इतकी नाजूक असतात. पंखा बंद. ब्लोअर आधी चार-पाच वेळा बाहेरच दाबायचा, म्हणजे त्याच्या पोटातली धूळ निघून जाते. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरायचं, ब्लोअरचं टोक माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आत घालायचं नाही, आणि आठ-दहा जोरदार फुंकरी मारायच्या. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे शिंतोडे उडतात. डब्यातली दाबाची हवा त्याहून वाईट, तिच्यातला द्रव बाहेर पडून काचेवर गोठतो आणि डाग ठेवून जातो.

इथेच थांबायला हवं होतं. उरलेल्या तिनातले दोन कोपऱ्यात होते. तिसरा मात्र बरोबर आकाशाच्या मध्यावर. अधिकृत सेवाकेंद्रात फोन केला तर उत्तर आलं, ‘ठेवून जा, दहा-बारा दिवस लागतील.’ वीस मिनिटांच्या कामाला बारा दिवस! तेव्हा स्वॅब मागवले.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो, म्हणून त्याला २४ मिमी रुंदीचा स्वॅब लागतो. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरला १६ मिमीचा. पट्टी सेन्सरच्या उंचीइतकी असली की एका ओढीत काम होतं. स्वॅबच्या कडेवर सेन्सर साफ करायच्या द्रवाचे थेंब टाकायचे, पाच-दहा सेकंद मुरू द्यायचे, डाव्या कडेला टेकवून उजवीकडे एका दमात ओढायचं, मध्ये उचलायचं नाही. मग स्वॅब उलटवून कोऱ्या बाजूने परत. एवढं झालं की तो स्वॅब टाकून द्यायचा. हे मी केलं. भिंतीचा फोटो काढला. मधला ठिपका गेला होता, आणि उजव्या कडेला समुद्राची लाट वाळूवर ओसरताना जशी रेघ ठेवते तशी वाकडी रेघ उमटली होती.

दुसरा स्वॅब. रेघ डावीकडे सरकली. तिसरा स्वॅब, जरा जास्त द्रव घालून. आता दोन रेघा, आणि मधोमध पुसट धुकं. इथे मी जे केलं ते कुणीही करू नये: तोच स्वॅब पुन्हा फिरवला. वापरलेल्या कापडावर काचेवरून उचललेला कण असतो. तो ओरखडा काढू शकतो. माझा निभावला, एवढंच. एक स्वॅब म्हणजे चार वडापावचे पैसे, ते वाचवायला गेलो होतो.

रात्री डोकं थंड झाल्यावर कारणं लागायला लागली. पहिलं, थेंब. सोबतच्या कागदावर ‘तीन ते चार’ लिहिलं होतं; माझ्या अनुभवात २४ मिमीला दोन पुरे. स्वॅब ओला नको, दमट हवा. काचेवर मागे राहणारा ओला थर दोन-तीन सेकंदांत उडून गेला पाहिजे. जास्तीचा द्रव स्वॅब जिथे थांबतो त्या कडेला साठतो, आणि सुकताना विरघळलेला मळ तिथेच रेघ करून ठेवतो.

दुसरं कारण आपला पावसाळा. खोलीतला आर्द्रतामापक ८४ टक्के दाखवत होता. या द्रवांत बहुधा मिथेनॉल किंवा तशाच जातीचं अल्कोहोल असतं. ते झपकन उडतं, उडताना काच गार करतं, आणि हवा इतकी दमट असली की गार काचेवर बाष्प धरतं. मधोमधचं धुकं ते हेच असणार. शिवाय अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून बाटलीचं बूच उघडं ठेवून भिंतीचे फोटो काढत बसणं हाही माझाच गाढवपणा.

तिसरं कारण दुसऱ्या संध्याकाळी सापडलं. एसी ड्राय मोडवर तासभर चालवला, आर्द्रता ५५ वर आणली (कॅमेरा तेवढा वेळ बंद बॅगेतच ठेवला), दोन थेंब टाकून चौथा स्वॅब ओढला. धुकं गेलं, एक रेघ गेली, दुसरी हलेना. ही रेघ वेगळी होती. वाकडी नाही, सरळ, कंगव्याने ओढल्यासारख्या बारीक ओळींची. ती सुकलेल्या द्रवाची नव्हती, चिकटाची होती. सेन्सरभोवतीच्या चौकटीला आणि माउंटच्या आतल्या भिंतीला कुठे कुठे वंगण असतं. आत घालताना स्वॅबचा कोपरा तिथे घासला की तेच वंगण काचेवर पसरतं. हेडटॉर्च डोक्याला लावली, कॅमेरा टेबलावर तोंड वर करून ठेवला, आणि पाचवा स्वॅब चौकटीला न लावता सरळ काचेवर उतरवला. एकदा पुसून वंगण पातळ झालं, सहाव्याने गेलं. तिसरी संध्याकाळ.

नव्या कॅमेऱ्यात चिकट गोल ठिपके दिसले तर तेही धूळ नसून शटरचं तेल असू शकतं. निकॉनचा डी६०० २०१२ साली आला तेव्हा याच ठिपक्यांनी गाजला. कंपनीने पुढे शटर फुकट बदलून दिलं, आणि २०१३ मध्येच नवं शटर घालून डी६१० बाजारात आणला. तेलावर ब्लोअर चालत नाही, ओला स्वॅबच लागतो.

आधी सांगायचं राहिलं: फोटोत ठिपका वर डावीकडे असेल तर माउंटमधून समोरून बघताना तो खाली डावीकडे असतो. वरचं खाली होतं, डावं डावंच राहतं. आणि सेन्सरलाच स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढायची सोय) असलेल्या बॉडीत काच स्वॅबखाली किंचित सरकते. छातीत धस्स होतं, पण मोडलेलं काही नसतं. दाब मात्र कागदावर पेन्सिल टेकवण्याइतकाच हवा.

औषधाच्या दुकानातलं स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका, त्यांतलं पाणी आणि ग्लिसरीन दोन्ही डाग ठेवतात. इअरबड नको, तंतू सुटतात. चष्म्याचं कापडही नको. द्रव मागवताना घाई असेल तर आधी चौकशी करा. ज्वलनशील म्हणून हवाई कुरिअर घेत नाही, माझी बाटली रस्त्याने नऊ दिवसांनी आली.

बॉडी कॅपची (लेन्स काढल्यावर माउंटवर लावायच्या झाकणाची) आतली बाजू आणि लेन्सचं मागचं झाकण साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. माझ्या झाकणात लाल मातीचा थरच होता, म्हणजे कॅप लावली की पुन्हा ताडोबा आत. कोपऱ्यातल्या दोन ठिपक्यांपैकी एक अजून आहे. फोटोत तो खाली उजवीकडे येतो, गवतात. सहा स्वॅब उरलेत, पण त्याला हात लावणार नाही.