स्कायरिम पायी: रिव्हरवूड ते मार्कार्थ, नदी धरून

मे महिन्याच्या शेवटी भीमाशंकरच्या शिडी घाटात माझा पाय घसरला आणि गुडघ्याचा लिगामेंट गेला. सहा आठवडे चालायचं नाही, म्हणजे अख्खा जून आणि अर्धा जुलै परळच्या घरात, खिडकीतून पाऊस बघत. दर पावसाळ्यात सह्याद्रीत असणाऱ्या माणसाला ही शिक्षाच. भाच्यानं आपला कन्सोल आणून दिला आणि म्हणाला, "मावशी, तुला चालायचंच आहे ना, मग स्कायरिममध्ये चाल."

स्कायरिम हा व्हिडिओ गेम, बर्फाळ डोंगरांचा एक काल्पनिक प्रदेश. मी चालले. अकरा रात्री. सोबतीला बाबा होते. बाबांनी महापालिकेच्या पाणीखात्यात चौतीस वर्षं चावीवाल्याचं काम केलं. रस्त्यातली झाकणं उघडून कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं हे ज्यांच्या हातात असतं, ती ही माणसं. पहिल्या रात्री ते नुसते शेजारी येऊन बसले आणि पाच मिनिटांनी विचारलं, "या गावाला पाणी कुठनं येतं?" पुढचा सगळा प्रवास त्या एका प्रश्नावर झाला. या प्रदेशातलं जवळजवळ प्रत्येक गाव जिथं आहे तिथं का आहे, याचं उत्तर त्यातून सापडत गेलं.

निघण्याआधी एवढं लक्षात घ्या. स्कायरिम 2011 साली आला. त्यात नकाशावर बोट ठेवून क्षणात कुठंही पोचायची सोय आहे आणि बहुतेक लोक तशीच भटकंती करतात. ती वापरू नका. सर्व्हायव्हल मोड चालू केलात तर ती आपोआप बंद होते, आणि थंडी, भूक, झोप खरी होते. 2021 च्या अॅनिव्हर्सरी आवृत्तीत हा मोड मिळतो. खेळातला पूर्ण दिवस आपल्या 72 मिनिटांचा असतो, त्यामुळे रोज दीड तास बसलात तर एक दिवस चाल आणि एक मुक्काम, असा हिशेब छान जमतो. ट्रेकला लावतो तसाच.

आम्ही रिव्हरवूडहून निघालो. पाच-सहा घरं, एक लोहार, एक दुकान, एक खाणावळ आणि नदीकाठी आरागिरणी. इलिनाल्टा नावाच्या मोठ्या तळ्यातून निघालेली व्हाइट रिव्हर गावाला खेटून वाहते आणि गाव जगतं ते त्या गिरणीवर. रानातलं लाकूड, पाण्याचा जोर आणि खाली शहराकडे जाणारा रस्ता, तिन्ही गोष्टी एका जागी आल्या की असं गाव उभं राहतंच. इथं थोडा वेळ काढा. लोहाराला मदत केली तर सुरुवातीचं सामान मिळतं. लोखंडी चिलखताच्या मोहात मात्र पडू नका. पुढच्या बर्फात जीव वाचवतात ती केसाळ कातड्याची वस्त्रं.

नदीच्या कडेनं उतरत गेलं की झाडी संपते आणि समोर पिवळं माळरान उघडतं. त्याच्या मधोमध टेकडीवर व्हाइटरन. पहिल्यांदा दिसतं तेव्हा छातीत काहीतरी हलतं, रायगड पाचाडहून पहिल्यांदा दिसावा तसं. शहराचे तीन स्तर आहेत: खाली बाजार, मध्ये मोठ्या घरांची वस्ती, सगळ्यात वर ड्रॅगन्सरीच हा लाकडी राजवाडा. नदी शहराला बाहेरून वळसा घालते, आत येत नाही. तरी राजवाड्याच्या पायथ्यापासून पायऱ्यांच्या बाजूनं पाणी पाटांतून खाली खळाळत येतं आणि तिन्ही स्तरांतून फिरतं. बाबांनी मला तिथं वीस मिनिटं थांबवून ठेवलं. पाट कुठं वळतो, कुठं कुंडात पडतो, हे आम्ही उतारानं चालत पाहिलं. "वरनं सोडलंय, पंप नाही," ते म्हणाले. मुंबईला तानसाचं पाणी 1892 पासून येतंय तेही असंच उतारानं, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट समजलं. शाळेत सात तलावांची नावं पाठ केली होती, बस एवढंच.

व्हाइटरनमध्ये दुकानं सकाळी आठ ते रात्री आठ. खोली कुठल्याही खाणावळीत 10 नाण्यांना मिळते, ती घ्याच. माळावर महाकाय धनगर आणि त्यांचे मॅमथ फिरतात. लांबून गेलात तर ते वाटेला जात नाहीत, जवळ गेलात तर एका फटक्यात खेळ संपतो. त्यांच्या शेकोटीच्या बाजूनं शॉर्टकट मारू नका.

पूर्वेला नदी दरीत शिरते. तिथं दोन्ही काठांवर बुरूज आणि वर दगडी पूल आहे, वाल्थाइम टॉवर्स. लुटारू बसलेले असतात आणि टोल मागतात. रात्रीच्या वेळी पलीकडच्या काठानं गुपचूप सटकता येतं, आम्ही तेच केलं. पुढं फोर्ट आमोलपाशी दक्षिणेचा रस्ता धरा आणि चढायला लागा.

आयव्हरस्टेडबद्दल मला जास्त लिहायचंय. स्कायरिममधल्या सर्वांत उंच डोंगराच्या पायथ्याचं हे चिमुकलं गाव, डार्कवॉटर नदीच्या काठावर. इथूनच 7000 पायऱ्यांची वाट वर हाय ह्रोथगारच्या मठाकडे जाते. (पायऱ्या प्रत्यक्षात खूपच कमी आहेत, नाव मात्र शोभतं.) पुलापाशी क्लिमेक नावाचा गावकरी भेटतो. वरच्या मठातल्या म्हाताऱ्या साधूंना सुकी मासळी, खारवलेलं मांस पोचवायचं काम तो करतो, पण आता त्याचे पाय थकलेत. पोतं तुम्ही न्याल का, विचारतो. जरूर न्या. मठाबाहेर पेटी आहे, तिच्यात ठेवायचं. आपल्याकडे गडावरच्या देवळात खालच्या वाडीतून शिधा जातो, तो डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायका मी कितीदा पाहिल्यात. क्लिमेक भेटल्यावर गाव आणि मठ हे एकच आहे असं वाटायला लागलं. खालचं गाव नसेल तर वरचे उपाशी राहतील.

चढताना वाटेत दहा शिळा आहेत, कोरलेल्या. सगळ्या क्रमानं वाचल्या तर एक दिवस रानातली जनावरं अंगावर येत नाहीत. अर्ध्याहून वर एका अरुंद जागी हिमराक्षस वाट अडवतो आणि नवख्याला तो फार जड जातो. हातात पेटती मशाल ठेवा, आग त्याला सोसत नाही. शिवाय मशालीची ऊबही लागते. पहाटे निघा, दुपारी पोचा, रात्री बर्फात अडकू नका. रात्रीचा गारठा दिवसापेक्षा खूप वाईट असतो.

उतरून पूर्वेला रिफ्टनकडे निघालो. हा सगळा परगणा म्हणजे सोनेरी पानांची बर्चची झाडं. इथं थंडी कमी आहे, त्यामुळे दमलेल्या प्रवाशानं दोन दिवस इथंच काढावेत. रिफ्टन हॉनरिच तळ्याच्या काठावर आहे. शहराच्या मधून कालवा जातो आणि कालव्याच्या पातळीवर खाली दुसरी वस्ती आहे: ओलसर दारं, लाकडी फळ्यांची वाट, अंधार. वर बाजार, खाली गरीब आणि चोर. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालच्या घरांत भरतीला पाणी शिरत असणार." मला आमच्या गल्लीतला 2005 चा जुलै आठवला, तळमजल्यावरच्यांना आम्ही वर ओढून घेतलं होतं.

रिफ्टनच्या वेशीवरचा शिपाई "पाहुण्यांचा कर" मागतो. असा कुठलाही कर नाही. ही सरळ लूट आहे असं तोंडावर सांगा, बहुतेक वेळा दार उघडतो.

उत्तरेला शोअर्स स्टोनच्या खाणीवरून उतरलं की जमीन एकदम बदलते. झाडं संपतात, पांढरट माती, जागोजाग गरम पाण्याची कुंडं, सगळीकडे वाफ. वज्रेश्वरी-अकलोलीला गेलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. तिथं शिकारी कुंडात डुंबत बसलेले भेटतात. त्यांच्या शेकोटीवर रस्सा शिजवून घ्या, कारण पुढं विंडहेल्म आहे.

बाबा वहीत पाण्याचा नकाशा काढत होते, तो विंडहेल्मपाशी पूर्ण झाला असं मला वाटलं. रिव्हरवूडला आम्ही जी व्हाइट रिव्हर पाहिली, ती इथं समुद्राला मिळते. हे त्या प्रदेशातलं सर्वांत जुनं शहर, लांब दगडी पुलापलीकडे काळं आणि गंभीर. बंडखोर स्टॉर्मक्लोकांची राजधानी. पश्चिमेला कार्थ नदी समुद्राला मिळते तिथं सॉलिट्यूड, साम्राज्याच्या बाजूची इथली राजधानी. दोन नद्या, दोन मुखं, दोन सत्ता, आणि मधल्या माळावर व्हाइटरन, जे दोघांनाही हवंय. खेळातलं यादवी युद्ध मी पूर्वी कितीतरी तास खेळले होते. ते नदीच्या मुखांवरून चाललंय हे पायी गेल्याशिवाय दिसलं नव्हतं.

विंडहेल्मच्या आत ग्रे क्वार्टर नावाची अरुंद गल्ली आहे. चौथ्या युगाच्या 5 व्या वर्षी रेड माउंटन फुटला, तेव्हा पळून आलेल्या डार्क एल्फ जमातीची ही वस्ती. गोष्ट घडते 201 मध्ये. जवळजवळ दोनशे वर्षं झाली तरी ते परकेच. बंदरावर माल उचलणारे आर्गोनियन, म्हणजे सरड्यासारखी माणसं, तर तटाच्या आत राहूच शकत नाहीत. शहराचा माल त्यांच्या खांद्यावरून येतो आणि झोपायला जागा धक्क्यावर. इथं घाई करू नका. गल्लीतल्या लोकांशी एकेक करून बोला, प्रत्येकाकडे सांगायला काही आहे.

विंडहेल्म ते विंटरहोल्ड हा सर्वांत कठीण टप्पा. कातडी वस्त्रं, गरम रस्सा, मशाली, आणि सकाळची वेळ, यातलं काही कमी असेल तर निघू नका. पाण्यात तर पाऊलही टाकू नका, उत्तरेचा समुद्र काही क्षणांत जीव घेतो. पोचल्यावर दिसतं काय? एक खाणावळ, एक दुकान, जार्लचं (इथल्या सरदाराचं) घर, काही मोडकी छपरं. बस. कधीकाळी हे मोठं शहर होतं. 122 साली समुद्रानं जवळजवळ सगळं शहर कड्यासकट ओढून नेलं. जादूचं विद्यालय मात्र तुटक्या पुलाच्या टोकाला तसंच उभं राहिलं आणि उरलेले गावकरी त्याच्याकडेच बोट दाखवतात. मी पुलावर उभी राहून खाली बघत होते. बाबा म्हणाले, "गिरणी गेली, चिमणी राहिली." आमच्या खिडकीतून एक चिमणी दिसते. 1982 च्या संपात आजोबांची नोकरी गेली ती त्याच आवारातली.

डॉनस्टारला एक रात्र पुरते. खाणी, धक्का, आणि वाईट स्वप्नांनी पछाडलेले लोक. इथून होडीनं सॉलिट्यूड किंवा विंडहेल्मला जाता येतं, दमला असाल तर जा. मॉर्थल खाजणात वसलंय, दिवसाही धुकं. रात्री दलदलीतून चालू नका.

घोडागाडीचं गणित इथंच सांगते. मोठ्या पाच शहरांना 20 नाणी, डॉनस्टार, मॉर्थल, विंटरहोल्ड, फॉकरेथ या लहानांना 50. सर्व्हायव्हलमध्येही ती चालू असते. पण गाडी उभी असते ती फक्त मोठ्या पाच शहरांबाहेर. लहान गावी गाडीनं गेलात तरी परत चालतच यायचंय, डॉनस्टारला तेवढी होडी आहे.

सॉलिट्यूड प्रचंड दगडी कमानीवर बसलंय, खाली कार्थचं मुख आणि गलबतं. पहिल्यांदा वेशीतून आत जाताच समोर शिरच्छेद चाललेला असतो, लहान मुलं शेजारी असतील तर आधी सांगून ठेवा. एवढ्या उंच पाणी चढवतात कसं, यावर बाबांनी दोन संध्याकाळी घालवल्या.

तिथून ड्रॅगन ब्रिज, मग कार्थच्या काठानं वर मार्कार्थ. या वाटेवर फॉरस्वॉर्न नावाचे डोंगरी बंडखोर कड्यांवरून बाण मारतात, त्यामुळे कड्याला चिकटून चाला. मार्कार्थ लोकांनी बांधलेलं नाहीच. नाहीशा झालेल्या ड्वेमर जमातीच्या दगडी शहरात माणसं राहायला आलीत. पलंगसुद्धा दगडाचे. धबधबे शहराच्या आतून पडतात आणि सगळीकडे त्यांचाच आवाज. दाराशी पोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बाहेर पाऊस, आत धबधबा, कुठला आवाज कुठला ते कळेना. बाबांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "इथं माझं काम पडलं नसतं."

फॉकरेथ राहिलं. इलिनाल्टा तळंही राहिलं, म्हणजे व्हाइट रिव्हरचा उगम. शनिवारी तिथून निघतोय.