तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे बोल्ट निघाले, तरी गिअरबॉक्स उघडत का नाही?

गिअरबॉक्स गाडीखालून उतरवला, बाहेरचे बोल्ट काढले, रबरी हातोड्यानं ठोकून हात दुखले, तरी दोन्ही भाग एकमेकांना सोडत नाहीत. आता काय करायचं? हा प्रश्न सारखा येतो, आणि तोवर विचारणाऱ्याच्या हातात मोठा स्क्रू ड्रायव्हर आलेला असतो. तो आधी खाली ठेवा. या जोडावर बहुधा गास्केट (मधे घालायची कागदी किंवा रबरी पट्टी) नसतं, सीलंटचा, म्हणजे गळती थांबवणाऱ्या लेपाचा पातळ थर असतो. तिथं एक खोल चरा पडला की तिथून ऑइल गळायला लागलंच म्हणून समजा.

बॉक्स उघडत नाही म्हणजे कशानं तरी तो धरून ठेवलाय. ते काय, हे शोधायचं. ताकद शेवटी.

हे मारुती ८००, ऑल्टो अशा पुढची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांच्या अ‍ॅल्युमिनियम बॉक्सबद्दल आहे. जुन्या जीपचा ओतीव लोखंडी बॉक्स वेगळ्या जातीचा. त्याचं वरचं झाकण काढून शाफ्ट, म्हणजे गिअर बसवलेले दांडे, ओढून काढावे लागतात.

पहिला संशय क्लचच्या बाजूवर घ्या. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या भागाच्या आत, क्लचच्या भुकटीनं आणि ऑइलनं माखलेले दोन-तीन बोल्ट उलट्या बाजूनं आलेले असतात. डिझेलनं धुऊन, वायर ब्रश मारून बघा. निघालेले बोल्ट डब्यात टाकू नका. पुठ्ठ्यावर बॉक्सची आकृती काढून जागच्या जागी खोचा. लांबी सारखी नसते, आणि लांब बोल्ट आखूड भोकात आवळला की आटे तरी जातात नाहीतर केस, म्हणजे बॉक्सचं बाहेरचं कवच तरी तडकतं.

दुसरी अडचण पाचव्या गिअरची. तो वेगळ्या झाकणाखाली, केसच्या बाहेर बसतो आणि तो जागेवर असेपर्यंत केस वर येत नाही. त्याच्या फोर्कमधली (गिअर सरकवणाऱ्या दुबेळक्यातली) रोल पिन, म्हणजे गुंडाळलेल्या पत्र्याची पिन, पंचानं काढा. गिअर धरणाऱ्या नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती छन्नीनं आधी सरळ करा. शाफ्ट अडकवायला दोन गिअर एकदम टाका, नट सुटला की बॉक्स परत न्यूट्रलला आणा. गिअरमध्ये राहिला तर फोर्क आतून अडतो. काही बॉक्समध्ये हा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणून पाइप लावून जोर करण्याआधी मॅन्युअल बघा. त्यामागच्या पत्र्याचे स्क्रू साध्या हातानं सुटत नाहीत, डोकंच गोल होतं. तिथं हातोड्यानं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच लागतो. पत्र्याखाली शिम (फट भरायची पातळ चकती) असेल तर कोणत्या शाफ्टवरची ती लिहून ठेवा.

मग रिव्हर्सच्या शाफ्टचा बोल्ट. हा बाहेरून दिसतो, पण केसच्या बोल्टांच्या रांगेत नसल्यामुळे हमखास राहतो. गिअर जागेवर धरणाऱ्या स्प्रिंग आणि गोळ्यांचे प्लगही आत्ताच काढा, वर जाड फडकं धरून. गोळी उडाली की अंगणातल्या फुफाट्यात सापडत नाही.

होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत अजून एक कुलूप असतं. केसवर ३२ एमएमचा मोठा प्लग दिसतो. तो काढून आतली बेअरिंगची सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, पक्कडीनं फाकवून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्यानं केस उचलायची. हे माहीत नसेल तर दिवसभर ठोका, काही होत नाही.

एवढं करूनही हलत नसेल तर डॉवेल (दोन भाग नेमके जुळवणारी खुंटी) किंवा बेअरिंग गंजून धरलंय. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून बेअरिंगच्या आणि डॉवेलच्या भोवती हीट गननं केस साधारण १०० अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा थेंब चुर्र झाला की पुरे. परभणी-नांदेडच्या मे महिन्यातल्या उन्हात केस हात पोळेल इतकी तापते, पण या कामाला तेवढं पुरत नाही. ब्लो लॅम्प नको आणि धुवायला पेट्रोल तर मुळीच नको. तापल्यावर लाकडी ठोकळा ठेवून, ओतकामातच ठेवलेल्या उचकटायच्या कानांवर आळीपाळीनं हलके ठोके द्या. फट सगळीकडे सारखी वाढली पाहिजे. एका बाजूला उघडली आणि दुसरीकडे अडली तर परत बसवा आणि पुन्हा सुरू करा. तिरक्या केसवर ठोकणं म्हणजे डॉवेल अजून घट्ट करणं.

उघडलाच आहे तर पितळी सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर पडताना दोघांचा वेग जुळवणाऱ्या कड्या, तपासा. रिंग गिअरच्या कोनावर दाबून फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. मारुतीच्या या बॉक्समध्ये नवी असताना ती १ एमएमच्या वर असते, ०.५ च्या खाली गेली तर रिंग बदला. स्लीव्ह (सरकणारी बाहेरची कडी) आणि हब (तिच्या आतला भाग) वेगळे करण्याआधी दोघांवर रंगाची खूण करा, आणि निघालेले गिअर क्रमानं तारेत ओवा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणं ठीक. दातांचे तुकडे ठीक नाहीत.

बंद करताना सीलंटवर उन्हाळ्यात लवकर साय धरते, म्हणून सकाळी, सगळे बोल्ट हाताशी ठेवूनच लावा. आठ एमएमचे बोल्ट २० न्यूटन मीटरच्या आसपास, समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा. ऑइल मॅन्युअलमध्ये असेल तेच, बहुधा ७५ डब्ल्यू ९० किंवा ८० डब्ल्यू ९० (हे घट्टपणाचे आकडे), जीएल-४ दर्जाचं. जीएल-५ मधली गंधकाची द्रव्यं पितळाला खातात. ट्रॅक्टरसाठी आणलेलं १४० नंबरचं उरलंय म्हणून ओतू नका, हिवाळ्यात सकाळी पहिला गिअर पडायचा नाही. गाडी सपाटीवर ठेवून भरणीच्या भोकातून ऑइल बाहेर ओघळायला लागेपर्यंत भरा.