तुम्ही विचारलंत म्हणून : ‘तुमचं काय जातं त्यात?’

मी अमेरिकेत राहतो आणि ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा भक्त आहे. नोव्हेंबर अखेरचा थँक्सगिव्हिंगच्या सणाचा आठवडा, म्हणजे ओहायो स्टेटशी सामन्याचा आठवडा, आला की मला एकच प्रश्न तीन तऱ्हांनी येतो. इथल्या मराठी मंडळातले लोक विचारतात, “अहो, तुम्ही त्या युनिव्हर्सिटीत शिकलाही नाहीत, मग तुमचं काय जातं त्यात?” कोल्हापूरचे मित्र विचारतात, “तिकडं जाऊन ह्या अंड्याच्या फुटबॉलचा नाद का केलास?” आणि कामावरचे गोरे लोक माझं निळं-पिवळं जाकीट बघून फार सौजन्याने विचारतात, “तुमची बॅच कुठल्या सालची?”

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त लागतो, कारण माझी बॅचच नाही. मी डेट्रॉईटच्या वेन स्टेटचा. ॲन आर्बरच्या विद्यापीठाला मी आजवर फी म्हणून एक डॉलर दिलेला नाही, पार्किंगचे म्हणून मात्र पुष्कळ दिलेत. अशा लोकांना इथे एक खास नाव आहे : वॉलमार्ट वूल्व्हरीन. वूल्व्हरीन हे मिशिगनच्या टीमचं नाव, वॉलमार्ट हे स्वस्त मालाचं दुकान. म्हणजे पदवी नाही, नुसती दुकानातून आणलेली टोपी. बिगर मिशिगनवाले हे हसत हसत म्हणतात. मीही हसतो. घरी आल्यावर बायकोला विचारतो की माझा चेहरा पडलेला दिसतो का.

येत्या शनिवारी, २९ नोव्हेंबर २०२५ ला दुपारी बारा वाजता, शेजारच्या ओहायो राज्याच्या विद्यापीठाची टीम, ओहायो स्टेट, आमच्या मैदानात येते आहे. ते देशात पहिल्या नंबरवर, या मोसमात एकही सामना न हरलेले, शिवाय गेल्या मोसमाचे राष्ट्रीय विजेते. आम्ही दोन हरलेले. आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून खेळ चालवणारा) ब्राइस अंडरवुड हा इथलाच, बेलव्हिलचा, अठरा वर्षांचा पोरगा. पण गेली चारही वर्षं ह्या सामन्यात जिंकलोय आम्हीच. त्यामुळे भीती जास्त आहे. हरायची सवय असताना पोटात एवढं ढवळत नव्हतं. २००४ ते २०१९ या काळात आम्ही ह्यांच्याविरुद्ध फक्त एकदा, २०११ साली, जिंकलो. तेव्हा शनिवारी संध्याकाळी शांतपणे झोपून जायचो. आता सोमवारपासून जेवण जात नाही. चेष्टा नाही करत.

आणि “फुटबॉल म्हणता आणि हातात घेऊन पळता” ह्याला मी उत्तर देत नाही. वीस वर्षं झाली, पुरे.

वैर कशावरून, असं विचारणाऱ्यांना मी आधी सीमेवरच्या टोलिडो शहराची गोष्ट सांगतो. १८३५ साली मिशिगन आणि ओहायो त्या एका पट्ट्यासाठी सैन्य घेऊन समोरासमोर आले. कोणी मेलं नाही, एका डेप्युटी शेरीफला कोणीतरी चाकू मारला तेवढंच. शेवटी टोलिडो ओहायोकडे गेलं आणि मिशिगनला वरचा जंगलाचा भाग मिळाला. बेळगावपासून शंभरेक किलोमीटरवर वाढलेल्या माणसाला हे समजून सांगावं लागत नाही. मैदानातलं भांडण १८९७ पासूनचं, आणि १९१८ नंतर एक कोविडचं वर्ष सोडलं तर दरवर्षीचं. ओहायोचे कोच वुडी हेज मिशिगनचं नाव तोंडातून काढत नसत, ‘ती वरच्या अंगाची टीम’ म्हणत. आजही ह्या आठवड्यात कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुली मारतात. आमच्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत. इथे पुरुष वैऱ्याचं घेत नाहीत. उखाणा तेवढा राहिलाय.

आता खरं उत्तर. हे मी एकदा लिहून दिलेलं आहे, २०१७ च्या मंडळाच्या दिवाळी अंकात. त्यात माझा सिद्धांत असा होता की कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ह्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या मागे जी माणसं शाहू स्टेडियमवर जातात, त्यांना कोणी विचारतं का की तू तालमीत जोर काढलेस काय? नाही. पेठ तुझी, म्हणून तालीम तुझी. विषय संपला. आणि शेवटी मी लिहिलं होतं की माणूस जिथे जातो तिथे आपली पेठ सोबत नेतो. टाळीचं वाक्य. कार्यक्रमात वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्यासुद्धा.

तो लेख आज वाचला की कान गरम होतात. पेठेत माणूस जन्मतो, निवडत नाही. ॲन आर्बरमध्ये मी जन्मलो नाही, शिकलो नाही, राहतोसुद्धा कँटनमध्ये. पेठेचा दाखला देऊन मी स्वतःची सोय करून घेतली होती. शिवाय त्या लेखात एक वाक्य धडधडीत खोटं होतं. त्यावर येतो.

नाद लागला तो एका माणसामुळे. मी ज्या कारखान्यात कामाला लागलो तिथे एक म्हातारा टूलमेकर होता. बारावीनंतर थेट मशिनवर उभा राहिलेला, कॉलेजची पायरी न चढलेला, म्हणजे वॉलमार्टांचा आद्यपुरुष. मला दोन वर्षांत त्याने दहा वाक्यं ऐकवली असतील, त्यातली आठ माझ्या ड्रॉइंगमधल्या चुकांवर. १७ नोव्हेंबर २००६ च्या शुक्रवारी दुपारी रेडिओवर बातमी आली की बो शेम्बेकलर गेले. बो म्हणजे वुडी हेज यांच्याच हाताखाली घडलेला पठ्ठ्या. १९६९ मध्ये मिशिगनचा कोच झाला आणि त्याच वर्षी वस्तादाला २४-१२ ने चीत केलं. त्या २००६ च्या शनिवारी देशातल्या एक नंबर विरुद्ध दोन नंबर असा आमचा ओहायो स्टेटशी सामना होता, आणि आदल्या दिवशी हा माणूस गेला. टूलमेकरने मशीन बंद केलं, चष्मा काढला आणि हातातल्या तेलकट फडक्यानेच डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी आम्ही ४२-३९ ने हरलो. सोमवारी मी त्याला काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, आणि तो पहिल्यांदा माझ्याशी अर्धा तास बोलला. सगळं फुटबॉलच.

मला कोणाबरोबर तरी हरायचं होतं. इथे जिंकायला सगळे एकेकटे येतात, मीही तसाच आलो होतो. हे वाक्यही जरा टाळीचंच झालं, पण असू दे, खोटं नाही.

२०१५ च्या सप्टेंबरात आबा आले. माझे वडील. शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभे राहिलेले आणि तरुणपणी तालमीकडून लेफ्ट आऊटला खेळलेले. कुठली तालीम ते लिहीत नाही, उगाच पेठेत चर्चा नको. टूलमेकरने त्याच्या शेजारच्या दोन जागांची तिकिटं मला मिळवून दिली. २८ नोव्हेंबर, ओहायो स्टेटशी सामना. सकाळी पायोनियर हायस्कूलच्या मैदानात गाड्या लावून लोक शेगड्या पेटवून बसले होते. आबांनी डिकीतून भडंगाचा डबा काढला आणि टूलमेकरला मूठभर दिलं. त्याने खाल्लं, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा हात पुढे केला. भाषा दोघांनाही आडवी आली नाही. लेथवाले एकमेकांच्या बोटांकडे बघतात आणि काय ते समजतात.

मैदानात आबा एकदम गप्प झाले. बाहेरून ते स्टेडियम काही वाटत नाही, कारण अर्धं जमिनीत आहे. वरून आत शिरलं की खाली खोलवर ती हिरवी परात आणि चहूबाजूंनी लाखावर माणूस. आबा म्हणाले, “गावचं गाव बसलंय की रं.” मध्यंतराला १४-१० होतं, आम्ही मागे पण जिवंत. आणि मग त्यांच्या पंधरा नंबरने, एझिकिएल एलियटने, आम्हाला धुतलं. आदल्या आठवड्यात त्यांची टीम हरल्यावर ‘मला चेंडूच देत नाहीत’ अशी उघड तक्रार केलेला पोरगा. ह्यावेळी दिला. २१४ यार्ड पळाला तो त्या दिवशी. अंगावर येणाऱ्याला नुसत्या खांद्याने हूल द्यायचा आणि निसटायचा.

अशाच एका पळीवर आबा उभे राहिले. माकडटोपी, माझा जुना ओव्हरकोट. हातमोज्यांत टाळीचा आवाज येईना म्हणून त्यांनी दोन्ही मोजे काढून काखेत धरले आणि जोरात टाळ्या वाजवल्या. “ह्या पोराला कोण खाऊ घालतंय रं!” असं मोठ्याने म्हणाले. पुढच्या रांगेतली चार-पाच डोकी वळली. टूलमेकर वळला.

आणि मी ओरडलो. “आबा, बसा खाली! टाळ्या काय वाजवताय? आपली माणसं मार खातायत, कळत नाही का तुम्हाला?”

मराठीत ओरडलो, पण सूर कुठल्याही भाषेत कळेल असा होता. आबा बसले. एक मोजा चढवला, मग दुसरा, एकेक बोट नीट करत. बराच वेळ लागला त्याला. सामना ४२-१३ ने संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. गाडीत म्हणाले, “थंडी लई हाय.” एवढंच. घरी आल्यावर सुनेला मात्र उत्साहाने सगळं सांगितलं, माझं ओरडणं वगळून.

दिवाळी अंकात मी लिहिलं होतं, “आबांनी सामन्याचा मनमुराद आनंद लुटला.” हेच ते खोटं वाक्य.

माझं मन माझी बाजू लगेच मांडू लागतं. आबा काही संत नव्हते. त्यांच्या पेठेविरुद्ध मामांची तालीम खेळायची तेव्हा अख्खा मोसम त्यांनी मामांशी अबोला धरलेला आहे. सदरा फाटून घरी आलेले मी पाहिलेत. शाहू स्टेडियमवर समोरच्याच्या गोलवर उठून टाळ्या वाजवणाऱ्याचं काय झालं असतं ते त्यांनीच सांगावं. मग मी काय वेगळं केलं?

वेगळं केलं. ते स्वतःच्या लोकांत रागावले. मी मात्र ती वळलेली डोकी बघून रागावलो. आपल्याशेजारी बसलेला माणूस चुकीच्या बाजूला टाळ्या वाजवतोय, आता ह्यांना कळणार की आपण इथले नाही, ही भीती होती ती. मिशिगन हरत होतं म्हणून आवाज चढला, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगितलं. आजही सोमवार-मंगळवारी सांगतो, गुरुवारपर्यंत पटेनासं होतं.

त्या सामन्यानंतरच्या सोमवारी टूलमेकर म्हणाला, “तुझ्या वडिलांना खेळ कळतो.” ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मला त्याचाच राग आला. ज्याच्यासाठी मी बापावर ओरडलो त्याला काही वाटलंच नव्हतं.

माझी बायको विचारते तो प्रश्न आणखी वेगळा आहे : कोवळी पोरं डोक्यावर मार खातात ते बघायला आपण पैसे का द्यायचे? २०२३ साली ह्याच सामन्यात आमच्या झॅक झिंटरचा पाय मोडला. अख्खं स्टेडियम गप्प झालं, त्याला गाडीवरून नेलं, आणि पुढच्याच खेळीत आमच्या ब्लेक कोरमने टचडाऊन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. मी उड्या मारल्या. हिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी विषय बदलतो. इथेही बदलतो.

आबा आता एक्याऐंशीचे आहेत. ह्या सामन्याच्या वेळी कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, तरी दरवर्षी जागतात आणि फोनवर नातवाकडून स्कोअर काढून घेतात. काल विचारत होते, “त्यो पंधरा नंबर कुठं असतो आता?” तो २०१६ मध्येच पैसेवाल्या लीगमध्ये गेला, असं मी त्यांना नऊ वेळा सांगितलंय. त्यांना मिशिगन जिंकलं की आनंद होतो, पण नाव लक्षात आहे ते त्याचं. मध्येच वाटतं, माफी मागावी. मग वाटतं, दहा वर्षांनी फोनवर काय मागणार, आणि ते “कसली रं?” म्हणाले तर पुन्हा सगळं सांगावं लागणार.

तेव्हा तुमचं काय जातं त्यात, ह्याचं उत्तर मला २०१७ मध्ये येत होतं, आता येत नाही. टूलमेकर निवृत्त होऊन उत्तरेला गेला, त्याच्या दोन्ही जागा ह्यावर्षी माझ्याकडे आहेत. दुसरं तिकीट अजून कोणाला दिलेलं नाही. मंडळातल्या ज्यांनी विचारलंत त्यांच्यापैकी कोणीही यावं, पैसे नकोत. ओहायोचं कोणी सुंदर पळालं आणि तुम्हाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या तर वाजवा. मी गप्प बसेन असं वचन मात्र देत नाही. सकाळी साडेसातला निघायचं आहे, उशीर झाला तर गाडी लावायला जागा मिळत नाही. बाकडी ॲल्युमिनियमची आहेत, बसायला घडी घालून एक चादर घ्या, आणि हातमोजे जाड आणा.