काकांची जावा : क्लच अखेर लागला

काकांच्या जावा मोटरसायकलचं इंजिन परत फ्रेमवर चढलं आणि परवा रविवारी गाडी चालू झाली! पण आधी गेल्या दोन महिन्यांचं सांगतो, कारण अनेकांच्या जावा याच जागी अडून बसतात.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा पांढरा धूर थांबतच नव्हता. ‘टू स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं इंजिन) आहे, धूर सोडणारच,’ म्हणत पहिल्या गॅरेजवाल्याने पेट्रोलमधलं ऑइलच कमी करून दिलं. पिस्टन जाम झाला असता. माझं लक्ष होतं गिअर ऑइलकडे. दर आठवड्याला पातळी उतरायची आणि जमिनीवर मात्र एक थेंब नाही. क्लच, चेन सगळं काढल्यावर कळलं, क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) डाव्या बाजूचा ऑइल सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, गेलाय. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या बंद कप्प्यात, जी ओढ तयार होते, ती कार्बोरेटरमधून मिश्रण घेतेच, पण फाटक्या सीलमधून शेजारच्या चेनकेसमधलं गिअर ऑइलही ओढून घेते. तेच जळत होतं. जुना सील हातात घेऊन कडेला नख लावलं तर काळा चुरा पडला. नवा सील बसवला आणि पेट्रोलमध्ये पुन्हा लिटरला 40 मिली ऑइल सुरू केलं.

क्लचच्या कॉर्कच्या प्लेटाही जळून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. नव्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या. कोरडा कॉर्क बसवू नका, लगेच करपतो.

खरा वेळ गेला तो क्लचच्या सेटिंगला. जावाचा किकचा आणि गिअरचा लिव्हर एकच. आत दाबून मागे वळवला की किक, पुन्हा पुढे आणला की गिअर. शिवाय गिअर टाकायला पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो, हँडलच्या क्लचला हात लावावा लागत नाही. एकदा केबल तुटली तेव्हा काका कराडहून सांगलीपर्यंत तशीच गाडी घेऊन आले होते. पहिला गिअर दाबून धरायचा, पाय हळूहळू सोडायचा, गाडी निघते. पण क्लचचा ॲडजस्टिंग स्क्रू जरा जास्त आवळला की प्लेटा कायम अर्धवट सुटलेल्या राहतात आणि घसरतात; सैल राहिला तर गिअर खरखरतो. माझा तिसऱ्या खेपेला जमला. मिरजेच्या मिस्त्रींनी नुसतं बोटाने चाचपून सांगितलं, ‘आता बरोबर.’

हे डोकं कोणाचं, हा विचार काम करताना सतत येतो. फ्रान्तिशेक यानेचेक हे प्रागचे शस्त्रास्त्रांचे कारखानदार. 1929 मध्ये त्यांनी जर्मन वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचा परवाना आणि यंत्रसामग्री घेतली. यानेचेकमधलं ‘या’ आणि वांडररमधलं ‘वा’ मिळून नाव झालं. आपण ते इंग्रजी अक्षरांवरून ‘जावा’ म्हणतो. पुढे महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या इंजिनिअरांनी लपूनछपून 250 सीसीची नवी गाडी आखली. युद्ध संपल्यावर ती ‘पेराक’ म्हणून बाजारात आली. आपली गाडी त्याच घराण्यातली. आपल्याकडे ती आणली रुस्तम आणि फारूख इराणी यांनी, म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढून. यादवगिरीतला तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. तिथल्या कामगारांनी जुळवलेलं इंजिन मी टेबलावर सुटं केलं तेव्हा केसिंगच्या आतल्या बाजूला कुणीतरी खिळ्याने कोरलेली बारीक खूण दिसली. ती मी घासली नाही.

पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट 0.4 मिमी ठेवली. टाकीचा क्रोम अजून बाकी आहे. वायरिंग 6 व्होल्टचंच ठेवणार.

रविवारी काकांना अंगणात आणलं. ऐंशीच्या पुढचं वय, पण खाली न बघता त्यांनी पायाने लिव्हर आत दाबून मागे घेतला. दुसऱ्या किकला दोन्ही सायलेन्सर बोलले.