मरळीचा रस्सा आणि मळ्यांची डोकी

कर्जतकडच्या कातकरवाड्यांत मी आरोग्यसेविका म्हणून फिरते. बाळंतिणीने काय खावं, याचा आमच्याकडे छापील तक्ता असतो. दूध, अंडी, फळं वगैरे. जूनमध्ये वाडीत यातलं काही नसतं. माणसं वीटभट्टीवरून नुकतीच परतलेली, उचल डोक्यावर तशीच आणि लावणीची मजुरी अजून लांब.

नेमकी तेव्हाच वलगण चढते. पहिल्या जोरदार पावसाने ओहोळ फुगला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघतात, पार भातखाचरांत शिरतात. रात्री अख्खी वाडी बॅटऱ्या घेऊन बांधावर!

मळे, म्हणजे बारके मासे, साफ करताना एका आजीला बघत बसले होते. अंगठ्याने पोट दाबून घाण काढायची, राखेत चोळून धुवायचं, की झालं. डोकी तशीच. "डोकं टाकलं तर खायाचं काय, शिस्टर?" मग मिरची-लसूण-हळद लावून पानात गुंडाळून निखाऱ्यावर. आजीचं बरोबरच आहे. बऱ्याच बारक्या माशांत अ जीवनसत्त्व डोळ्यांभोवती जास्त असतं, आणि काट्यांसकट खाल्ले की कॅल्शियमही मिळतं. उन्हात सुकवल्यावर कॅल्शियम टिकतं, अ जीवनसत्त्व मात्र बरंचसं जातं. म्हणून ताजे असतील तेव्हा पोटभर खा, असं मी सांगते.

मरळ बाळंतिणीसाठी राखून. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे थोड्या पाण्यात जिवंत राहते आणि हवी तेव्हा कापता येते. पातळ रस्सा, तिखट बेताचं. जखम लवकर भरते म्हणतात. मलेशियातही सिझेरियननंतर बायका मरळच खातात. हे मला पटतं. खोकल्यावर ठेचलेल्या खेकड्यांचा कढत रस्साही बरा वाटतो, पण तान्ह्या पोराला धाप लागली असताना खेकडे शोधत बसलेल्यांना मी ओरडते.

उन्हाळ्यात डोह आटले की पूर्वी गेळाची फळं ठेचून टाकत. मासे गुंगून वर येत, लागतील तेवढे उचलायचे. आता काही पोरं विहिरीचं पाणी शुद्ध करायला आलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच डोहात ओततात. पिल्लं, खेकडे, सगळं मरतं. आणि विहिरीला पावडर उरत नाही ती नाहीच. त्या डोहातला मासा बाळंतिणीला द्यायचा नाही, एवढं माझं सगळ्या सासवा निमूट ऐकतात. पोरं ऐकत नाहीत.