तुम्ही विचारलेत म्हणून: मे महिन्यातला बर्फ

मिनेसोटातल्या मराठी मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात, जेवणाची रांग अर्धी सरकेपर्यंत, कोणीतरी मला हा प्रश्न विचारतेच: "शर्यती मार्चमध्ये संपल्या ना, मग मे महिन्यात पुन्हा बर्फावर कशाला?" प्रश्नामागे बहुतेक वेळा एक छायाचित्र असते, ज्यात आम्ही आठजणी हाफ पँट आणि गॉगल घालून स्कीवर उभ्या असतो. त्यावर "मजा आहे बुवा तुमची" हे वाक्य ठरलेले. २०२४ च्या फेब्रुवारीत मिनीआपोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये आमच्या खेळाच्या विश्वचषकाच्या शर्यती झाल्या, तेव्हा तुमच्यातले कितीतरी जण वाटेच्या कडेला गारठत उभे राहून ओरडत होते, त्यामुळे क्रॉस-कंट्री स्कीइंग, म्हणजे चढउताराच्या बर्फावर स्कीने स्वतःच्या बळावर लांब अंतर कापणे, यापेक्षा जास्त मी नव्याने सांगत बसत नाही. आमच्या स्की क्लबच्या मे महिन्यातल्या सराव शिबिराविषयी मात्र मी आजवर थट्टेवारी नेलेली उत्तरे दिली आणि ती देताना काहीतरी टाळले.

साताऱ्याहून आजोबांनी फोनवर हेच विचारले होते. त्यांना मी सांगितले, की तुम्ही वैशाखात शेत नांगरून तापत ठेवता, तसेच हे आहे. त्यांना ते लगेच पटले. उत्तर खोटे नव्हते. आमचे सरावाचे वर्ष मे महिन्यापासूनच मोजले जाते. पण नांगरणाऱ्याच्या कामाकडे शेजारी फार तर बांधावरून एकदा नजर टाकतो, आणि शिबिरात आम्ही दहा दिवस एकमेकींच्या पाठीकडे, पोलकडे (हातातल्या काठ्यांकडे), ताटाकडे आणि चेहऱ्याकडे सतत पाहत असतो. हा फरक मी आजोबांना सांगितला नाही.

आम्ही जातो ते ओरेगनमधल्या बेंडला. गाव सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथून गाडीने पाऊण तासाच्या आत, गावापेक्षा आठशे मीटर वर, माउंट बॅचलर या ज्वालामुखीच्या पायथ्याशी स्कीच्या वाटा आहेत. गावात झाडांना पालवी असते आणि वर भरपूर बर्फ असतो. अमेरिकेचा राष्ट्रीय संघही मे महिन्यातल्या शिबिरासाठी तिथे जात आला आहे. आमच्याच राज्यातल्या आफ्टनची जेसी डिगिन्स आणि अलास्काची किकन रँडल यांनी २०१८ मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोघींच्या सांघिक शर्यतीत ०.१९ सेकंदाने सुवर्णपदक जिंकले, त्या शेवटच्या सरळ पट्ट्याविषयी तुम्ही मला शंभरदा विचारले आहे. त्याआधीच्या मे महिन्यांविषयी कोणीही विचारलेले नाही. हे मी जरा रागानेच लिहीत आहे.

तिथला बर्फ रात्री गोठतो, पहाटे काचेसारखा टणक असतो आणि साडेदहा-अकरापर्यंत त्याचा चिखल होतो. म्हणून साडेपाचला उठायचे, अंथरुणातच नाडीचे ठोके मोजून नोंदवहीत लिहायचे (ते नेहमीपेक्षा वाढले तर थकवा किंवा आजार असू शकतो), दलिया खायचा आणि सातला व्हॅनमध्ये बसायचे. क्लासिकच्या, म्हणजे दोन समांतर खाचांतून सरळ जाण्याच्या पद्धतीच्या दिवशी, पकडीसाठी स्कीखाली मेण लावतात, पण अशा खरबरीत, पुन्हा गोठलेल्या बर्फावर साधे मेण टिकत नाही, क्लिस्टर नावाचे चिकट मेण लावावे लागते. ते फणसाच्या चिकासारखे असते. एकदा बोटांना लागले की दाराची मूठ, पाण्याची बाटली, केस, सगळीकडे पोहोचते. मग दोन-अडीच तास स्कीइंग, दुपारी झोप, संध्याकाळी डेशूट्स नदीकाठी धावणे किंवा व्यायामशाळा. उन्हाळाभर आम्ही डांबरी रस्त्यावर रोलर-स्कीवर, म्हणजे चाकांच्या स्कीवर असतो, पण रोलर-स्की चुकीच्या रेट्यालाही पुढे जाते, बर्फ जात नाही. हिवाळ्यात शर्यतींच्या धामधुमीत हाताची किंवा नडगीची सवय बदलता येत नाही. मे महिन्यात हरण्यासारखे काही नसते, म्हणून ती तेव्हा बदलायची. निदान आम्हाला तसे सांगितले जाते.

आणि यातले बहुतेक सगळे हळू करायचे असते. माझा वर्षाचा सराव सातशे तासांच्या आसपास असतो आणि त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त वेळ अशा वेगाने जातो, की शेजारणीशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. प्रशिक्षक मध्येच थांबवून कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घेतात आणि लॅक्टेट पाहतात, म्हणजे जोर जास्त लावला की रक्तात वाढणारा घटक. आकडा वर गेला, की ताकद दाखवल्याबद्दल शाबासकी नाही, बोलणी मिळतात. हे सगळे एका गृहीतावर उभे आहे. ते म्हणजे, सकाळी नोंदवहीत लिहिलेला आकडा खरा असतो.

२०२३ च्या मे महिन्यात शिबिराच्या चौथ्या सकाळी माझ्या घशात खवखव होती. नाडी ५२ लागली. माझी नेहमीची ४४ असते. मी नोंदवहीत ४५ लिहिले.

ते लिहिताना मला काय वाटत होते हे मी नंतर अनेकदा आठवून पाहिले आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर फारसे काही वाटत नव्हते. आदल्या वर्षी घोट्याच्या दुखापतीमुळे माझे शिबिर बुडाले होते आणि त्या दिवशी तीन तासांची लांब फेरी होती, गोठलेल्या कवचावरून, आखलेल्या वाटा सोडून मोकळ्या उतारांवर जाण्याची. समोर ब्रोकन टॉप आणि साउथ सिस्टर ही शिखरे दिसत असतात आणि हव्या त्या दिशेने वळता येते. वर्षभरात असा दिवस एखादाच मिळतो. मला तो सोडायचा नव्हता, एवढेच.

माझ्या खोलीत त्या वर्षी पाहुणी मुलगी होती. ती अलास्कातून आली होती, कॉलेज नुकतेच संपले होते, आणि आमच्या क्लबात मुलींच्या संघात रिकामी असलेली एकच जागा कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी तिला आणि आणखी एकीला शिबिराला बोलावले होते. मी खाकरते आहे हे पाहून तिने विचारले. मी म्हणाले, "जुनिपर." बेंडच्या आसपास जुनिपरची झाडे खूप आहेत आणि वसंतात त्यांच्या परागांनी अनेकांना शिंका येतात, म्हणजे उत्तर बिनतोड होते. तिने बॅगेतून ॲलर्जीची गोळी काढली. माझ्या हातावर ठेवण्याआधी ती गोळी आपल्याला चालते की नाही हे तिने फोनवरच्या, खेळाडूंना बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत तपासले, मलाही दाखवले, आणि मग दिली. मी ती घेतली, पाण्याबरोबर, तिच्यासमोर.

त्या फेरीत मी सुंदर स्कीइंग केले. हे सांगणे बरोबर नाही हे मला कळते, पण ते खरे आहे. आम्ही एकामागोमाग एक ओळीने उतरत होतो, ती माझ्यापुढे होती आणि तिचे वजन एका स्कीवरून दुसऱ्या स्कीवर किती उशिरा जाते ते पाहून मी माझी लय बदलत होते. संघाबरोबर जाण्याचा अर्थ मला त्या दिवशी जितका कळला तितका आधी कधी कळला नव्हता. परतताना व्हॅनमध्ये मी तिच्या खांद्यावर डोके ठेवून झोपले.

सहाव्या सकाळी तिला ताप होता. तिची नाडी ६१ होती आणि तिने ती ६१ च लिहिली, स्वतः जाऊन प्रशिक्षकांना सांगितले, आणि आपल्यामुळे इतरांना त्रास नको म्हणून स्वतःची गादी उचलून तळघरातल्या खोलीत नेली. आठव्या दिवशी चढावर वेळ लावून धाव होती. ज्या दोघींतून एकीला निवडायचे होते, त्यांच्यासाठी ती महत्त्वाची होती. माझी खोलीतली सोबतीण त्या वेळी तळघरात पाणी उकळून वाफ घेत होती. माझा घसा तोवर बरा झाला होता, आणि त्या चढावर मी तिसरी आले.

जूनमध्ये जागा दुसरीला मिळाली.

इथे माझ्या बाजूने जे बोलता येईल ते मी बोलणार आहे. प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितले होते, की निवड मुख्यतः हिवाळ्यातल्या निकालांवरून झाली, आणि दुसरीचे निकाल खरोखरच सरस होते. विमानात, किराणा दुकानात, व्यायामशाळेत, ताप कुठूनही येऊ शकतो. एका घरात आठजणी, एकच स्वयंपाकघर, दोन न्हाणीघरे. मी ५२ लिहिले असते तरी तोवर तीन रात्री आम्ही एकाच खोलीत काढल्या होत्या. हे सारे खरे आहे आणि दोन वर्षे मी ते स्वतःला याच क्रमाने सांगत आले आहे. त्या वेळची मी तर आणखी पुढे जाऊन म्हणते, की हळू जा, खरे लिही, संघाचा विचार कर, हे सांगणारेच जागा मात्र एक ठेवतात. तिला मी अजून पूर्ण उत्तर देऊ शकलेले नाही. मी तिला एवढेच विचारते, की मग तळघराच्या जिन्यावर गादीचे दुसरे टोक धरले होतेस, तेव्हा तोंड का उघडले नाहीस?

प्रशिक्षकांना मी ऑगस्टमध्ये सांगितले. ते रागावतील अशी माझी तयारी होती. त्यांनी नोंदवही मागवली, मे महिन्याचे पान काढले आणि म्हणाले, "आकडा दुरुस्त कर." मी ४५ खोडून ५२ लिहिले. पेन त्यांचे होते, शाई निळी, बाकीचे पान काळ्या शाईत आहे.

तर, मे महिन्यात आम्ही तिथे काय करतो? मी वर सांगितले ते सगळे करतो. छायाचित्रातली हाफ पँटही खरी आहे, कारण अकरा वाजता खरोखरच उकडते. मी अजूनही जाते, खोली कोणाबरोबर तरी वाटून घेते, आणि कोणी खाकरले की मी आधी थर्मामीटर शोधते, ज्याबद्दल बाकीच्या माझी चेष्टा करतात.

ती अलास्काला परतली आणि आता तिथल्या लहान मुलांना स्की शिकवते. दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला तिचा संदेश येतो, बेंडला पोहोचलीस का, आणि यंदा जुनिपरचा त्रास कसा आहे. गेल्या वर्षी मी उत्तर लिहायला घेतले, दोनदा खोडले, आणि शेवटी पाठवले: "यंदा जरा कमी आहे."